लॅपटॉप चार्जर ड्रायव्हर: हार्डवेअरच्या प्रकारांविषयी प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवत आहे. आमच्या एआरएम लॅपटॉपचे तीन बोर्ड आहेत आणि तिन्हींवर बॅटरी चार्ज करणारी चिप एसएमबसवर (चिप्सना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) हेक्स (सोळा-आधारी) ०९ याच पत्त्यावर आहे. पहिल्या बोर्डावर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२४७३५ आहे. दुसऱ्यावर तीच चिप आहे, परंतु तिच्या भोवतीचे सर्किट वेगळे आहे. आणि यूएसबी-सी वर चालणाऱ्या तिसऱ्या बोर्डावर त्याच कंपनीची बीक्यू२५७००ए आहे. लिनक्स कर्नलमधला बीक्यू२४७३५ चा ड्रायव्हर पाया म्हणून घ्यायचा आणि तिन्ही बोर्ड त्याच्यावर चालवायचे, असे काम आहे. तो ड्रायव्हर २०१३ मध्ये लिहिला गेला.

पत्ता सारखा असण्यामागे कारण आहे. स्मार्ट बॅटरीच्या जुन्या मानकाने बॅटरीसाठी ०बी आणि चार्जरसाठी ०९ हे पत्ते ठरवून दिले, तसेच चार्जिंगचा प्रवाह १४ या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या क्रमांकित कप्प्यात) आणि व्होल्टेज १५ मध्ये लिहावे असेही ठरवले. पुढच्या काळात आलेल्या अनेक चिप्सनी तेच क्रमांक चालू ठेवले. (या नोंदींत रजिस्टरांचे क्रमांक आणि त्यांतली ओळखमूल्ये हेक्समध्ये आहेत, बाकीचे आकडे दशमान आहेत.) त्यामुळे एका चिपसाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्या चिपवर लावला तरी तो कुरकुर न करता लिहीत राहतो आणि चिपही ते मूल्य स्वीकारते. धोका नेमका इथे आहे, कारण चूक झाल्याचे कुठेही दिसत नाही.

वेगळेपणाचे दोन थर मानायचे, असे आज ठरवले. चिप कोणती, हा एक थर; आणि त्या चिपला बोर्डाने कसे जोडले आहे, हा दुसरा. पहिल्या थराची माहिती ड्रायव्हरमधल्या तक्त्यात असेल, दुसऱ्याची डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचे वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमध्ये. एका थराची माहिती दुसऱ्यात शिरू द्यायची नाही. हा नियम ऐकायला साधा असला तरी सध्याच्या कोडमध्ये अनेक ठिकाणी तो मोडलेला आहे, कारण डेटाशीटमध्ये दिलेले आकडे एका विशिष्ट बोर्डरचनेसाठी आहेत हे त्या कोडमध्ये कुठेच नोंदलेले नाही.

५ नोव्हेंबर २०२५

चिप कोणती आहे ते चिपलाच विचारावे आणि त्यावरून तक्ता निवडावा, असा प्रस्ताव चर्चेत आला. दिसायला तो बिनतोड आहे. एफई या रजिस्टरमध्ये उत्पादकाची ओळख मिळते, जी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या या चिप्समध्ये ४० असते. आणि एफएफमध्ये चिपची ओळख, जी बीक्यू२४७३५ मध्ये ०बी आणि बीक्यू२५७००ए मध्ये ७९ असते.

तरीही हा मार्ग नाकारला आणि त्याची कारणे येथे लिहून ठेवतो. लॅपटॉप बॅटरीवर सुरू झाला आणि ॲडाप्टर लावलेला नसला, तर चार्जर चिप एसएमबसवर उत्तर देईलच याची खात्री प्रत्येक बोर्डावर देता येत नाही. मूळ ड्रायव्हरलाही याची जाणीव आहे: ॲडाप्टर लागल्याचे सांगणारा जीपीआयओ (प्रोसेसरची एक पिन) दिलेला असेल आणि ॲडाप्टर नसेल, तर तो प्रोबच्या वेळी (ड्रायव्हर चिपला प्रथम जोडला जातो तेव्हा) ओळखीची रजिस्टरे वाचतच नाही. जे उत्तर कधी मिळते आणि कधी मिळत नाही, त्यावर ड्रायव्हरची पुढची सगळी वागणूक उभी करता येणार नाही. दुसरे कारण असे की ओळखही नेहमी पुरेशी नसते. त्याच उत्पादकाच्या, टॅबलेटमध्ये वापरल्या जाणाऱ्या बीक्यू२५८९२ आणि बीक्यू२५८९६ या दोन चिप्स ओळखीचा एकच क्रमांक सांगतात आणि कर्नलमधल्या ड्रायव्हरला आवृत्तीचा क्रमांक पाहून त्यांच्यात फरक करावा लागतो.

म्हणून चिपचा प्रकार डिव्हाइस ट्रीमधल्या नावावरून ठरेल आणि ओळखीची रजिस्टरे फक्त पडताळणीसाठी वापरली जातील. प्रोबच्या वेळी चिपने उत्तर दिले तर पडताळणी तेव्हाच होईल. दिले नाही तर ॲडाप्टर लागल्याच्या पहिल्या घटनेपर्यंत ती पुढे ढकलली जाईल आणि तोपर्यंत १४, १५ व ३एफ (ॲडाप्टरच्या प्रवाहाची मर्यादा) यांपैकी एकाही रजिस्टरमध्ये काही लिहिले जाणार नाही. पडताळणीत विसंगती आढळली, तर इशारा छापून पुढे जायचे नाही, चार्जिंग सुरूच करायचे नाही. लॅपटॉप चार्ज झाला नाही तर वापरणारा तक्रार करील आणि दोष उघडकीला येईल. चुकीच्या प्रवाहाने चार्ज होत राहिला तर तक्रारीची वेळ येईपर्यंत सेलचे नुकसान होऊन गेलेले असेल.

१० नोव्हेंबर २०२५

चिपचा तक्ता लिहून झाला. प्रत्येक चिपसाठी व्होल्टेजची पायरी (लिहिता येणारा सर्वांत लहान फरक), प्रवाहाची पायरी, किमान व कमाल मर्यादा, रजिस्टरचे मास्क (त्यातले कोणते बिट वापरायचे ते), ॲडाप्टरच्या मर्यादेचे रूपांतर करणारे फंक्शन आणि वॉचडॉगची (ठरावीक वेळेत लेखन झाले नाही तर चार्जिंग थांबवणाऱ्या टायमरची) उपलब्ध मूल्ये एवढ्या गोष्टी त्यात आहेत. कोडमध्ये इतरत्र ‘ही चिप असेल तर’ अशी अट दिसली, तर रिव्ह्यूमध्ये ती परत पाठवायची असे ठरले आहे.

फंक्शनची गरज का पडली ते एका उदाहरणाने स्पष्ट होते. ३एफ हे रजिस्टर दोन्ही चिप्समध्ये ॲडाप्टरकडून घ्यायच्या प्रवाहाची मर्यादा ठरवते. बीक्यू२४७३५ मध्ये तिथे मिलिअँपिअर जसेच्या तसे लिहिले जातात, फक्त पायरी १२८ ची असते. साधारण ३.३ अँपिअरची मर्यादा हवी असेल तर ३३२८ लिहायचे. हेक्समध्ये ते ०डी००. बीक्यू२५७००ए मध्ये मर्यादेचे बिट वरच्या बाइटमध्ये आहेत, पायरी ५० मिलिअँपिअरची आहे आणि शून्य लिहिले तरी ५० मिलिअँपिअर धरले जातात. तेच ०डी०० तिथे लिहिले तर चिप वरच्या बाइटमधले १३ वाचते, त्याला ५० ने गुणते, त्यात ५० मिळवते आणि मर्यादा ७०० मिलिअँपिअर ठरवते. एसएमबसवर व्यवहार यशस्वी होतो, परत वाचले तर ०डी०० च मिळते, आणि लॅपटॉप मात्र तासन्‌तास चार्ज होत बसतो. लिहिलेले मूल्य परत वाचून तपासण्याची पद्धत इथे काहीच पकडत नाही.

व्होल्टेजच्या पायरीकडेही लक्ष द्यावे लागले. बीक्यू२४७३५ मध्ये ती १६ मिलिव्होल्टची आहे. दोन सेलच्या बॅटरीला लागणारे ८४०० आणि चार सेलच्या बॅटरीला लागणारे १६८०० या दोन्ही संख्यांना १६ ने नि:शेष भाग जातो. तीन सेलच्या १२६०० ला जात नाही. जवळची मूल्ये १२५९२ आणि १२६०८. अंतर दोन्हीकडे सारखेच असले तरी वरचे मूल्य घेणे म्हणजे प्रत्येक सेलला मर्यादेपेक्षा अडीच मिलिव्होल्टहून थोडे जास्त देणे, आणि खालचे घेणे म्हणजे क्षमतेचा नगण्य भाग सोडून देणे. रूपांतर नेहमी खालच्या बाजूलाच होईल. जवळच्या पायरीवर नेणारा कर्नलमधला तयार मॅक्रो इथे वापरायचा नाही, अशी टिप्पणी कोडमध्ये मुद्दाम घातली आहे, कारण पुढे कोणीतरी नीटनेटकेपणाच्या हेतूने तो आणील.

तिसऱ्या बोर्डासाठी आणखी एक भेद. बीक्यू२४७३५ मध्ये ॲडाप्टरची वीज मॉसफेटमधून (विजेच्या स्विचमधून) थेट सिस्टिमला मिळते आणि चार्जरचा कन्व्हर्टर फक्त बॅटरीसाठी चालतो. बीक्यू२५७००ए मध्ये सिस्टिमची वीजही त्याच कन्व्हर्टरमधून येते. त्यामुळे चार्जिंग थांबवण्यासाठी व्होल्टेजच्या रजिस्टरला हात लावण्याची सवय तिथे चालणार नाही. त्याऐवजी प्रवाह शून्य करायचा, असे ठरवले. थांबवण्याची कृतीदेखील तक्त्यातले फंक्शन झाली.

१३ नोव्हेंबर २०२५

आज बोर्डाचा थर हाती घेतला. त्याचा गाभा म्हणजे सेन्स रेझिस्टर.

चार्जर चिप प्रवाह मोजत नाही. ती एका लहान रेझिस्टरवर पडणारे व्होल्टेज मोजते. बीक्यू२४७३५ च्या डेटाशीटमधला ‘एक पायरी म्हणजे ६४ मिलिअँपिअर’ हा हिशेब १० मिलिओहमच्या रेझिस्टरसाठी आहे, म्हणजे चिपच्या दृष्टीने एक पायरी म्हणजे ०.६४ मिलिव्होल्ट. बोर्डावर २० मिलिओहम बसवले तर त्याच आकड्याला निम्मा प्रवाह मिळतो आणि ५ मिलिओहम बसवले तर दुप्पट. हा रेझिस्टर किती आहे हे चिपला कळत नाही, ते कोणत्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही आणि दुनियेतला कोणताही ड्रायव्हर ते शोधून काढू शकत नाही. ते ज्याने सर्किट काढले त्यानेच सांगायला हवे.

आमच्या दुसऱ्या बोर्डावर बॅटरीच्या आणि ॲडाप्टरच्या, दोन्ही बाजूंना ५ मिलिओहम आहेत. कारण रास्त आहे: ६ अँपिअर प्रवाहाला १० मिलिओहममध्ये ०.३६ वॉट उष्णता होते, ५ मध्ये ०.१८, आणि त्या बोर्डावर चार्जरचा कोपरा आधीच गरम असतो.

डिव्हाइस ट्रीमध्ये दोन प्रॉपर्टी जोडल्या, एक बॅटरीच्या बाजूसाठी आणि एक ॲडाप्टरच्या बाजूसाठी, दोन्हींचे एकक मायक्रोओहम. जुन्या डिव्हाइस ट्रीमध्ये त्या नसतील तर १० मिलिओहम धरले जातील, कारण चालू असलेली जुनी यंत्रे नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नयेत. आमच्या तिन्ही बोर्डांच्या डिव्हाइस ट्रीमध्ये मात्र त्या स्पष्ट लिहिल्या पाहिजेत, मूल्य १० असले तरीही. लिहिलेला आकडा कोणीतरी तपासून लिहिलेला असतो. गृहीत धरलेला आकडा तपासला गेला की नाही हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

रूपांतराचा क्रम असा: मागितलेला प्रवाह घ्यायचा, रेझिस्टरच्या प्रमाणात बदलायचा आणि मग पायरीवर खाली आणायचा. ३००० मिलिअँपिअर मागितले आणि रेझिस्टर ५ मिलिओहमचा असला तर १५००, त्यावरून १४७२, आणि प्रत्यक्षात मिळणार २९४४. रेझिस्टर २० चा असला तर ६०००, त्यावरून ५९५२, आणि मिळणार २९७६. रूपांतर व पायरी यांचा क्रम उलटला तर २० मिलिओहमच्या बोर्डावर बारीक पायरीचा फायदा वाया जातो.

खालच्या टोकाला एक गंभीर गोष्ट आढळली. बीक्यू२४७३५ ला १२८ पेक्षा कमी किंवा ८१२८ पेक्षा जास्त आकडा दिला तर ती रजिस्टर साफ करते आणि चार्जिंग बंद करते. ५ मिलिओहमच्या बोर्डावर १२८ हा आकडा म्हणजे प्रत्यक्षातले २५६ मिलिअँपिअर. पूर्ण उतरलेली बॅटरी सुरुवातीला अगदी थोडा प्रवाह मागते. तिने १५० मिलिअँपिअर मागितले तर हिशेबाने ७५, पायरीने ६४, आणि चिप नकार देणार. मागितल्यापेक्षा जास्त देणे आम्हाला मान्य नाही, मागितले तेवढे देणे चिपला शक्य नाही. ड्रायव्हर अशा वेळी ‘चार्जिंग होत नाही’ अशी स्थिती कळवील, आणि तेवढेच त्याच्या हातात आहे. हा मुद्दा हार्डवेअर गटाला आजच कळवला.

१४ नोव्हेंबर २०२५

रूपांतराची फंक्शने हार्डवेअरपासून वेगळी काढून त्यांच्यावर केयुनिटच्या (कर्नलच्या चाचणी-चौकटीच्या) चाचण्या लिहिल्या. ड्रायव्हरचा बाकीचा भाग आय२सी-स्टबवर चालवून पाहिला. हे कर्नल मॉड्यूल दिलेल्या पत्त्यावर खोटी चिप उभी करते. ते फक्त रजिस्टरांची साठवण करते, खऱ्या चिपसारखे नकार देत नाही, म्हणून मर्यादांच्या चाचण्या त्याच्यावर अवलंबून ठेवलेल्या नाहीत.

१९ नोव्हेंबर २०२५

दुसऱ्या बोर्डाची पहिली चाचणी, खऱ्या स्मार्ट बॅटरीसह आणि ९० वॉटच्या ॲडाप्टरवर.

प्रवाहाचे मोजमाप मुद्दाम दोन ठिकाणी घेतले होते. चार्जरच्या १४ या रजिस्टरमध्ये काय आहे ते एक, आणि बॅटरी स्वतः ०ए या रजिस्टरमध्ये जो प्रवाह सांगते तो दुसरा. बॅटरीच्या आतल्या गेजचा (तिचा प्रवाह मोजणाऱ्या चिपचा) रेझिस्टर वेगळा असतो, त्यामुळे बोर्डावरच्या रेझिस्टरबद्दल आपली समजूत चुकीची असली तरी त्याच्या उत्तरावर परिणाम होत नाही. ड्रायव्हरने १४७२ लिहिले, बॅटरीने २.९ अँपिअरच्या आसपास आकडा दाखवला, आणि हिशेब जुळला. थोड्या वेळाने बॅटरीचा आकडा ५.८ अँपिअरच्या वर गेला. ॲडाप्टर ताबडतोब काढला.

ड्रायव्हरच्या लॉगमध्ये त्या दरम्यान १४ वर काहीही लिहिल्याची नोंद नव्हती. लॉजिक ॲनालायझर एसएमबसच्या दोन तारांवर लावला, पुन्हा चार्जिंग सुरू केले आणि व्यवहार टिपले. ०९ या पत्त्यावर एक लेखन दिसले: आधी १४, मग बी८, मग ०बी. खालचा बाइट आधी येतो, म्हणून आकडा ०बीबी८, म्हणजे बरोबर ३०००. प्रोसेसरच्या आय२सी कंट्रोलरने हा व्यवहार केलेला नव्हता. लगेच मागोमाग त्याच पत्त्यावर १५ मध्ये व्होल्टेजही लिहिले गेले.

लिहिणारी होती बॅटरी. स्मार्ट बॅटरीच्या मानकात हे तिचे कामच आहे: चार्ज व्हायचे असेल तेव्हा ती स्वतः बसची मास्टर होते आणि पाच सेकंद ते एक मिनिट एवढ्या अंतराने आपल्याला हवा असलेला प्रवाह व व्होल्टेज थेट चार्जरला कळवत राहते. तिला ३००० मिलिअँपिअर हवे होते आणि तिने ३००० लिहिले. मानकाप्रमाणे ते बरोबर आहे. चिपने खालचे बिट सोडून २९४४ घेतले, तेही बरोबर आहे. परंतु या बोर्डावर २९४४ या आकड्याचा अर्थ ५८८८ मिलिअँपिअर होतो, आणि ही गोष्ट फक्त आमच्या ड्रायव्हरला माहीत आहे. बॅटरीने लिहिलेला आकडा ड्रायव्हरकडून जातच नाही, त्यामुळे त्याचे रूपांतर करायला मधे कोणीच नाही.

पहिल्या बोर्डावर बॅटरी आणि चार्जर वेगवेगळ्या बसवर आहेत, म्हणून तिथे हे घडत नाही; दुसऱ्यावर ती एकाच बसवर आहेत. बसची मांडणी हाही बोर्डाच्या थरातला एक प्रकार आहे आणि तो आमच्या यादीत नव्हता, आज जोडला.

२० नोव्हेंबर २०२५

बॅटरीचे हे कळवणे बंद करता येते. तिच्या ०३ या रजिस्टरमधला १४ वा बिट एक केला की ती चार्जरला लिहिणे थांबवते. कर्नलमधल्या स्मार्ट बॅटरीच्या ड्रायव्हरमध्ये यासाठी डिव्हाइस ट्रीची प्रॉपर्टी आधीपासून आहे. ती लावून चाचणी घेतली: ॲनालायझरवर ०९ कडे जाणारे सगळे व्यवहार आता प्रोसेसरचेच आहेत, आणि प्रवाह २.९ अँपिअरवर स्थिर आहे.

एवढ्यावर हा विषय मिटला असे मी मानत नाही. लॅपटॉप बंद करून ॲडाप्टर लावला तर काय होते, याचा विचार केला पाहिजे. तेव्हा कर्नल नाही, आमचा ड्रायव्हर नाही, आणि बॅटरी नुकतीच बसवलेली असेल तर तो बिट शून्यच असणार. बॅटरी ३००० लिहील आणि चिप तिला जवळपास ६ अँपिअर देईल. वापरणारा माणूस रात्री लॅपटॉप बंद करून चार्जिंगला लावतो. म्हणजे सर्वांत सामान्य परिस्थितीत हा दोष सर्वांत उघडा आहे. बॅटरीच्या आतली संरक्षक यंत्रणा तो प्रवाह तोडेल किंवा तोडणार नाही, पण तिच्या भरवशावर चार्जर बांधणे मला योग्य वाटत नाही. ती शेवटची फळी आहे.

हार्डवेअर गटाला आज स्पष्ट लिहिले की हा दोष सॉफ्टवेअरने झाकता येणार नाही. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या बोर्डांवरच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या; ते बोर्ड आता फक्त बेंच सप्लायवर चालतील.

२५ नोव्हेंबर २०२५

हार्डवेअर गटासोबत बैठक झाली. त्यांचा पहिला प्रश्न असा होता की बॅटरीच्या बाजूला १० मिलिओहम केले तरी ॲडाप्टरच्या बाजूला ५ ठेवता येतील का, कारण उष्णतेचा प्रश्न तिथे जास्त आहे. फळ्यावर हिशेब मांडला.

वीज मिळताच बीक्यू२४७३५ च्या ३एफ रजिस्टरमध्ये ४०९६ हा आकडा असतो. १० मिलिओहमवर तो ४०९६ मिलिअँपिअर आणि ५ वर ८१९२. १९ व्होल्टचा ६५ वॉटचा ॲडाप्टर ३.४२ अँपिअर देतो आणि ९० वॉटचा ४.७४. म्हणजे ५ मिलिओहमवर ड्रायव्हर सुरू होईपर्यंत मर्यादा नावापुरतीच आहे. १० वरही ती ६५ वॉटच्या ॲडाप्टरपेक्षा जास्त आहे. २० केले तर २०४८ मिलिअँपिअर होते, जे ४५ वॉटच्या, २.३७ अँपिअरच्या ॲडाप्टरलाही सुरक्षित आहे. परंतु मग लिहिता येणारी कमाल मर्यादा ४०३२ मिलिअँपिअर होते आणि ९० वॉटचा ॲडाप्टर पूर्ण वापरता येत नाही.

निर्णयाला उपयोगी पडला तो बंद लॅपटॉपचाच हिशेब. सिस्टिम बंद असताना ॲडाप्टरवर भार फक्त बॅटरीचा असतो. ३ अँपिअर गुणिले १२.६ व्होल्ट म्हणजे ३७.८ वॉट, कन्व्हर्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ॲडाप्टरकडून ४२ वॉट, म्हणजे १९ व्होल्टवर सुमारे २.२ अँपिअर. बॅटरीच्या बाजूचा रेझिस्टर १० चा असेल तर तिची मागणी खरी राहते, आणि मग ४५ वॉटचा ॲडाप्टरही बंद अवस्थेत ओढाताणीत येत नाही. सिस्टिम सुरू होताना बूटलोडरने ३एफ मध्ये ॲडाप्टरप्रमाणे मर्यादा लिहावी. दोन्ही बाजूंना १० मिलिओहम, असे ठरले. पूर्ण उतरलेल्या बॅटरीचा १३ तारखेचा प्रश्नही यामुळे सुटतो: १५० ची मागणी १२८ वर येते आणि चिप ती स्वीकारते. उष्णतेसाठी तांब्याचा भाग वाढवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

ड्रायव्हरमधला लेखनाचा क्रमही बदलला: आधी ३एफ, मग १५, सर्वांत शेवटी १४. वीज मिळताना १४ मध्ये शून्य असते, त्यामुळे शेवटचे लेखन होईपर्यंत चार्जिंग सुरू होत नाही आणि तोवर बाकीच्या मर्यादा जागेवर असतात.

१ डिसेंबर २०२५

पहिल्या बोर्डावर आलेली तक्रार: झाकण मिटून लॅपटॉप चार्जिंगला ठेवला तर चार्जिंग काही मिनिटांत थांबते.

हा वॉचडॉग आहे. १७५ सेकंदांत प्रवाह किंवा व्होल्टेज यांपैकी काही लिहिले गेले नाही, तर बीक्यू२४७३५ चार्जिंग थांबवते. हा आकडाही जुन्या मानकातून आलेला आहे. तिथे १४० ते २१० सेकंदांची मुभा आहे आणि १७५ तिचा मध्य. सस्पेंडमध्ये कर्नल झोपतो, कोणी लिहीत नाही, आणि चिप आपले काम चोख करते.

वॉचडॉग बंद करण्याची सूचना आली. १२ या रजिस्टरमधले दोन बिट शून्य केले की तो बंद होतो, म्हणून ती सूचना मोहात पाडणारी आहे. मी तिला विरोध केला. कर्नल अडकून पडला आणि चार्जिंग चालू राहिले, तर बॅटरीने ‘पुरे’ म्हटलेले ऐकायला कोणी नसेल. या बोर्डावर बॅटरी दुसऱ्या बसवर असल्याने ती चार्जरला स्वतः सांगूही शकत नाही. वॉचडॉग नेमका याच बोर्डावर सर्वांत आवश्यक आहे. त्याऐवजी ॲडाप्टर लागलेला असताना अलार्म टायमरने यंत्र दर दोन मिनिटांनी क्षणभर उठवायचे, बॅटरीची मागणी वाचायची, ती लिहायची आणि पुन्हा झोपवायचे. वीज भिंतीतून येत असल्याने उठण्याचा खर्च इथे महत्त्वाचा नाही.

उठण्याचा कालावधी तक्त्यातून काढला जातो, कारण वॉचडॉगची मूल्ये चिपप्रमाणे बदलतात: बीक्यू२४७३५ मध्ये ४४, ८८ आणि १७५ सेकंद, तर बीक्यू२५७००ए मध्ये सर्वांत लहान मूल्य ५ सेकंदांचे आहे. एकाच बिटजोडीचा अर्थ एकीकडे ४४ आणि दुसरीकडे ५, हा भेद चाचणीत मुद्दाम तपासला.

४ डिसेंबर २०२५

खरेदी विभागाकडून विचारणा: तिसऱ्या बोर्डावर पर्यायी चिप म्हणून आयएसएल९२३८ चालेल का, आणि ती याच ड्रायव्हरमध्ये बसेल का. चिप चालेल, ड्रायव्हर वेगळा लागेल, असे उत्तर दिले. पत्ता ०९ च आहे, १४, १५ आणि ३एफ ही रजिस्टरेही ओळखीची वाटतात. परंतु पायरी प्रवाहासाठी ४ मिलिअँपिअरची आणि व्होल्टेजसाठी ८ मिलिव्होल्टची आहे, ॲडाप्टरच्या बाजूचा हिशेब २० मिलिओहम धरून केलेला आहे, आणि नियंत्रणाची बाकी सगळी रजिस्टरे पूर्णपणे वेगळी आहेत. तीन रजिस्टरे जुळतात म्हणून एकच ड्रायव्हर केला, तर तक्त्यातला प्रत्येक रकाना फंक्शन होऊन बसेल. रूपांतराची फंक्शने सामायिक ठेवायची, बाकी काही नाही.

८ जानेवारी २०२६

दुसऱ्या बोर्डाची सुधारित आवृत्ती आली. बोर्डावरच्या स्ट्रॅप रेझिस्टरांवरून बूटलोडर आवृत्ती ओळखतो आणि तिला योग्य डिव्हाइस ट्री निवडतो. जुन्या आवृत्तीच्या डिव्हाइस ट्रीमध्ये चार्जरचा नोड बंद ठेवला आहे.

चाचण्यांचा क्रम जाणीवपूर्वक उलटा घेतला: आधी बंद लॅपटॉप, ॲडाप्टर आणि बॅटरी, प्रोसेसरला वीज नाही. क्लँप मीटरवर २.९ अँपिअर. पूर्ण उतरवलेल्या बॅटरीनेही चार्ज घ्यायला सुरुवात केली. मग सिस्टिम चालू करून तेच पुन्हा.

रेझिस्टर मानकाप्रमाणे झाल्याने बॅटरीचे स्वतःहून कळवणे आता धोक्याचे उरलेले नाही, उलट उपयोगाचे आहे, कारण तिच्या लेखनामुळे वॉचडॉग सस्पेंडमध्येही चार्जिंग थांबवत नाही आणि या बोर्डाला अलार्मची गरज पडत नाही. म्हणून १४ वा बिट शून्यावर परत नेला आणि चार्जरच्या नोडमध्ये नियंत्रण बाहेर असल्याची, मूळ ड्रायव्हरमध्ये आधीपासून असलेली प्रॉपर्टी लावली. तिच्यामुळे ड्रायव्हर या बोर्डावर १४ व १५ ला हात लावत नाही, फक्त स्थिती कळवतो. एकाच चिपच्या दोन बोर्डांवर लिहिण्याची जबाबदारी दोन वेगळ्या ठिकाणी आहे आणि ड्रायव्हरच्या कोडमध्ये त्यासाठी बोर्डाचे नाव कुठेही आलेले नाही.

शिल्लक काम: बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय तिन्ही बोर्डांना हवी आहे. दुसऱ्या बोर्डावर प्रवाहाचा आकडा बॅटरीच्या हातात असल्याने ती सोय १२ या रजिस्टरमधल्या शून्याव्या, चार्जिंग रोखणाऱ्या बिटावरूनच करावी लागेल, आणि नियंत्रण बाहेर असल्याची प्रॉपर्टी लावल्यावर मूळ ड्रायव्हर त्या बिटालाही हात लावत नाही. त्या प्रॉपर्टीचा अर्थ बदलायचा नाही. रोखण्याच्या अधिकारासाठी वेगळी प्रॉपर्टी मांडणारा पॅच उद्या लिहायला घेतो.